विषय क्रमांक सात

३ मार्च

चिरंजीव,

अर्ज परत मिळाला. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी बरं वाटलं. म्हटलं, दोन वर्षांनी का होईना, लेकाने पेन हातात घेतलं. आत बघते तर सही नाही, खुशाली नाही, नुसत्या हिरव्या शाईच्या दोन खुणा. सकाळचा विषय, इटालियन स्वयंपाक. दुपारचा विषय, बागांचा इतिहास. आणि कडेला पेन्सिलीने लिहिलंय, 'हे दोन घेणार असशील तर सही करतो.'

शाबास. अकरावीला तुझे बाबा कॉमर्स म्हणत होते आणि तू सायन्सवर अडून बसला होतास, तेव्हा मध्ये कोण उभं राहिलं होतं ते आठव जरा. मी काही तुझ्या अर्जावर खुणा केल्या नव्हत्या.

तू अर्ज नीट वाचलाच नाहीस असं दिसतंय, म्हणून परत सांगते. आमच्या आर्ट कॉलेजातून बारा जण उन्हाळ्यात सहा आठवडे इटलीला चाललेत. त्यातले अकरा पंचविशीच्या आतले आणि बारावी मी, एकसष्ट वर्षांची. प्रत्येकाने यादीतून दोन विषय निवडायचे, एक सकाळचा, एक दुपारचा. साठीच्या पुढच्या विद्यार्थ्याला जवळच्या नातेवाइकाची सही लागते. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, काय करायचं, एवढंच त्यात असतं. तुझे बाबा असते तर त्यांनी चष्मा न लावता केली असती. ते नाहीत, म्हणून तुला पाठवला. विषय कोणते घ्यायचे हे त्या सहीत येत नाही.

चाळीस वर्षं घरात स्वयंपाक केला, आता तोच शिकायला समुद्र ओलांडून जाऊ? आणि बागेत मला बसायला आवडतं. तिचा इतिहास मला काय करायचाय?

मला सात नंबर हवाय. प्लास्टरचे साचे आणि ओतकाम. तिथल्या कार्यशाळेत पुतळ्यांचे साचे घेतात, त्यात प्लास्टर ओततात, आणि ते पुतळे शंभर-शंभर वर्षं उभे राहतात म्हणे. तुला यात हसू येत असेल तर खुशाल हस. मी हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये चौतीस वर्षं मोडलेले हातपाय बांधले. डॉक्टर हाड बसवायचे, प्लास्टर माझं. किती घातली असतील ते मोजलं नाही. पण आज त्यातलं एकही जगात शिल्लक नाही. सहा आठवडे झाले की करवत फिरवायची, दोन फाळके करायचे आणि बादलीत टाकायचे. माणूस आनंदाने हात खाजवत घरी जायचा, प्लास्टरकडे वळूनही बघायचा नाही. बरोबरच आहे त्याचं. पण मला मरायच्या आधी एक असं प्लास्टर करायचंय, जे कोणी कापणार नाही.

म्हणून तुझ्या दोन्ही खुणा मी खोडल्या आहेत आणि दुसरा कोरा अर्ज सोबत जोडलाय. सही कर आणि पाठव. शेवटची तारीख तीस एप्रिल.

सूनबाईंनी समुद्रावरचे फोटो पाठवले होते. सगळे गुडघ्याएवढ्या पाण्यात, आणि तू एकटा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काठावर. तिकडे उकडत नाही वाटतं. असो.

आई


१२ मार्च

चिरंजीव साहेब,

सूनबाईंचा फोन आला होता. स्वतः बोलायचं नाही आणि बायकोला पुढे करायचं, ही तुझी जुनी खोड. लहानपणी बाबांकडे काही मागायचं असलं की मला पुढे करायचास. तिचा काही दोष नाही. ती बिचारी कागदावर लिहून घेतल्यासारखी तुझी कारणं वाचत होती. एक, पोती उचलावी लागतील. दोन, धूळ फुप्फुसात जाईल. तीन, पोरंपोरी हसतील. चौथं तिने सांगितलं नाही, पण मला ऐकू आलं. नात झाली तेव्हा आईला यायला वेळ नव्हता आणि इटलीला जायला बरा आहे.

एकेकाचं उत्तर देते.

नव्वद किलोच्या माणसाचा मोडलेला पाय हवेत धरून मी तासतासभर उभी राहिले आहे, आणि तो माणूस वर मलाच शिव्या घालत असायचा. पोत्याचं काय घेऊन बसलास? पोतं शिव्या तरी घालत नाही. धूळ म्हणशील तर चौतीस वर्षं तीच खाल्ली. आणि पोरं हसतात, रोज हसतात. मीही त्यांना हसते. केस निळे केलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसते. पहिल्या दिवशी तिला वाटलं मी फरशी पुसायला आले आहे, तिने पाय वर घेतले. आता डबा माझ्याबरोबर खाते.

राहिलं चौथं. मी येते म्हटलं होतं आणि आले नाही, हे खरं. कॉलेजचा प्रवेश त्याच आठवड्यात होता. परत मिळाला नसता असं नाही, पुढच्या वर्षी मिळाला असता. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यापासून मी 'पुढच्या वर्षी' फार ऐकलं होतं, आधी बाबांच्या आजारपणात, मग ते गेल्यावर. मी प्रवेश घेतला. तू म्हणालास, 'आई, तुला माणसांपेक्षा माती प्यारी,' आणि फोन ठेवलास. त्या दिवसापासून आपण बोललो नाही. मला वाईट वाटतं का? वाटतं. नातीला मी अजून मांडीवर घेतलेलं नाही, ते आतून टोचतं. पण परत तीच वेळ आली तर मी परत तेच करेन. तुला गोड वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही.

शिवाय खरी अडचण तुझ्या सहीची नाहीच. यादीतल्या बाकी विषयांना कसलीच अट नाही, नाव लिहिलं की झालं. फक्त सात नंबरला आहे. स्वतः केलेल्या सहा कामांचे फोटो पाठवायचे, ते तिथल्या शिकवणाऱ्या बाई बघणार आणि मग ठरवणार. माझ्याकडे काय आहे? दोन वर्षांत चार मुखवटे केले मातीचे. तीन भट्टीत तडकले. चौथा आमच्या सरांनी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, 'प्रयत्न प्रामाणिक आहे.' आणि जे काम मला झोपेतही येतं, त्यातलं दाखवायला काही उरलेलं नाही.

तरी मी स्वयंपाकाला नाव घालणार नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आई


२६ मार्च

चिरंजीव,

तुझं उत्तर नाही, पण मला सांगायचंय, आणि सांगायला दुसरं कोणी नाही. निळ्या केसांच्या मुलीला सांगून झालंय.

दहा-बारा दिवसांपूर्वी हॉस्पिटलात गेले होते. माझ्या जागेवर आता जी आहे तिला मीच शिकवलं. चाळिशीची आहे, दोन मुलांची आई, मला अजून मावशी म्हणते आणि अजून घाबरते. मी गेले की तिची प्लास्टरची पट्टी पाण्यातून नीट निघत नाही. मी काही बोलत नाही, फक्त बघते. मागे एकदा ती ओलं प्लास्टर बोटांनी दाबत होती, तेव्हा मात्र बोलले होते. बोटांनी दाबलं की आत खळगा पडतो आणि तो पुढे सहा आठवडे कातडीला रुततो. ओलं प्लास्टर नेहमी तळव्याने फिरवायचं. हे तुलाही पाठ असेल, जेवताना किती वेळा ऐकवलंय.

तर तिने एका बस ड्रायव्हरच्या हाताचं प्लास्टर कापलं. ड्रायव्हर हात चोळत बसला, फाळके टेबलावर उताणे पडले होते. एरवी मी ते उचलून बादलीत टाकले असते. त्या दिवशी कामाची घाई नव्हती, म्हणून आत डोकावले. आणि तिथेच उभी राहिले.

अरे, आत त्या ड्रायव्हरचा हात होता. मनगटाचं हाड, कोपराची वळणं, अंगठ्याच्या मुळाशी असते ती उंचवट्याची जागा, सगळं. चौतीस वर्षं मी प्लास्टर बाहेरून बघितलं. बाहेरून गुळगुळीत आलं की मी खूश. मी जे काम इटलीला जाऊन शिकायचं म्हणत होते, ते रोज दहा वेळा करत होते आणि कचऱ्यात टाकत होते. स्वतःच्या अकलेची मला इतकी कीव कधी आली नव्हती.

ड्रायव्हरला विचारलं, हे नेऊ का? म्हणाला, 'न्या की मावशी, मला काय त्याचं लोणचं घालायचंय?' तसं प्रत्येकाला विचारून आठ दिवसांत सहा जणांची नेली. एक बाई तेवढ्या नाही म्हणाल्या, त्यांच्या प्लास्टरवर नवऱ्याने काहीतरी लिहिलं होतं. घरी आणून आतला कापूस उपटला. वासाचं वर्णन करत नाही. मग आतून साबण चोपडला, दोन फाळके जुळवून पट्टीने बांधले, एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्या तोंडातून प्लास्टर ओतलं. न्हाणीघराची फरशी अजून पांढरी आहे. दुसऱ्या दिवशी बाहेरचं कवच फोडलं. ड्रायव्हरचा हात. एका शिक्षिकेचा घोटा. पोस्टमनचा गुडघा. एका म्हाताऱ्याचा नुसता अंगठा आणि मनगट. बेकरीत काम करणाऱ्या एकाचा कोपर. आणि नऊ वर्षांच्या एका मुलीचा हात.

असो. निळ्या केसांच्या मुलीने खिडकीत काळी चादर लावून फोटो काढले आणि आम्ही ते पाठवून दिले. माझ्याकडच्या अर्जावर सकाळच्या रकान्यात मी सात लिहिलंय, पक्क्या शाईने.

आई


९ एप्रिल

चिरंजीव,

इटलीच्या बाईंचं उत्तर आलं. फोटो आवडले असं काही लिहिलेलं नाही. एकच प्रश्न विचारलाय, सगळे अवयव सुजलेले का दिसतात?

निळ्या केसांची मुलगी म्हणाली, काकू, आपण लिहू की मुद्दामच तसे केलेत, दुखणं दाखवायला. आजकाल असं चालतं. मी म्हटलं, काही नको. खरं काय ते लिही. प्लास्टर आणि कातडी यांच्यामध्ये कापसाचे थर असतात. मी कापूस काढून तिथे ओतलं, म्हणून प्रत्येक हात कापसाएवढा जाड झाला. ओतताना माझ्या ते लक्षात आलं नाही, ती चूक माझी. चार ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'सात नंबरला घेतलं आहे. सहीचा अर्ज वेळेत पाठवा.'

मी काल दिवसभर उगाच घरात फिरत होते.

आणि आज तुझा मामा फोनवर सांगतो की तू त्याला फोन केला होतास. माझ्याशी बोलायला दोन वर्षं वेळ नाही आणि मामाला फोन करून बजावतोस, आईच्या कागदावर सही करू नकोस? तुला वाटलं असेल मी त्याच्याकडेच जाणार. बरोबर वाटलं. उद्याच जाते.

आई


१५ एप्रिल

बाळा,

मामाने सही केली. सकाळी दहाला त्याच्या दारात जाऊन बसले, आत येत नाही म्हटलं. मामी चहा घेऊन आली, घेतला नाही. चार वाजता शेजारचे विचारायला लागले तेव्हा तो पेन घेऊन बाहेर आला. 'अडचणीच्या वेळी काय करावे' या रकान्यात त्याने लिहिलंय, 'ती कोणाचे ऐकत नाही, तरी मला कळवावे.' अर्ज मी काल ऑफिसात दिला आणि पोच घेतली.

म्हणजे तुझी सही आता लागत नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं मी कशासाठी लिहिते आहे याबद्दल तुझ्या मनात काही येऊ नये. मी काही मागत नाही.

त्या सहा कामांतला नऊ वर्षांच्या मुलीचा हात मी टेबलावर ठेवला होता. तो सरळ होता. जाड होता, पण सरळ होता. तीन दिवस मी त्यावर फडकं टाकून ठेवलं.

तू नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडलास. मी तुला प्लास्टर-रूममध्ये नेलं. डॉक्टर दोन दिवस गावाला गेले होते, दुसऱ्या हॉस्पिटलात न्यायचं तर तासभराचा रस्ता होता. एक्स-रेची खोली शेजारीच होती, तिची किल्ली माझ्याकडे नव्हती, पण मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. मी तुझा हात चाचपला आणि म्हटलं, नुसती चीर आहे. दहा वर्षं रोज हेच काम करत होते, सगळे म्हणायचे हिच्या हाताला डोळे आहेत. मलाही तसंच वाटायचं. मी स्वतःच प्लास्टर घातलं. फार सुंदर घातलं होतं, बाहेरून.

महिन्याने कापलं तेव्हा हात वाकडा निघाला. डॉक्टरांनी विचारलं हे कसं झालं, एक्स-रे कुठाय. मी म्हटलं, पोरगं ऐकत नाही, प्लास्टरसकट उड्या मारत होतं, परत पडलं. तू एकदा अंगणात घसरला होतास, हे खरं होतं. पण तेवढ्याने काही झालेलं नव्हतं. तुझे बाबा तुला मारायला धावले. पोहण्याच्या स्पर्धेतून तुझं नाव कमी झालं. आणि त्या दिवशी घरी आल्यावर तू माझ्याजवळ येऊन म्हणालास, 'आई, मी परत असं नाही करणार.' मी म्हटलं, 'बरं.'

सत्तावीस वर्षं झाली. नोकरी गेली असती म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. नोकरी गेली असती हे खरंच आहे. पण निवृत्त होऊनही तीन वर्षं झाली, तेव्हा कशाची भीती होती? मला लोकांनी ज्या कामासाठी नावाजलं तेच काम मी माझ्या पोरावर चुकवलं, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तुला तर नाहीच. परक्या बाईला मी चार ओळींत माझी चूक लिहून टाकली. आणि तू अजून पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतोस आणि तुला वाटतं तो वाकडा हात तुझ्याच वांडपणाचा परिणाम आहे.

तुझी काही चूक नव्हती. ती माझी होती, सगळीच्या सगळी. माफ कर असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही ते मला माहीत नाही, तरी म्हणते.

आणि हेही सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. हे कबूल केलं म्हणून मी इटली सोडणार नाही. प्रायश्चित्त म्हणून नातीला सांभाळायला येऊन बसणार नाही. येईन तर हौसेने येईन, तू बोलावलंस तर. वाकड्या हाताची भरपाई म्हणून आजी पाठवता येत नाही. तू रागाव, ओरड, वाटलं तर आयुष्यभर बोलू नकोस. मी सात नंबर घेणारच.

तुझी आई


३० एप्रिल

बाळा,

पंधरा दिवस टपालाची पेटी उघडून बघत होते. काल पाकीट आलं. तेच हिरव्या शाईतलं अक्षर. मी उभ्या उभ्या फोडलं नाही, आत जाऊन बसले आणि मग फोडलं.

पत्र नाही, नुसता अर्ज. मी मार्चमध्ये पाठवलेला तोच कोरा. मला वाटलं, पुन्हा स्वयंपाक. पण विषयांचे दोन्ही रकाने तू कोरे ठेवलेस. खाली नाव, पत्ता, फोन, नातं : मुलगा. सही. आणि 'अडचणीच्या वेळी काय करावे' या रकान्यात दोन ओळी, 'हाड मोडल्यास आधी एक्स-रे काढावा. ती नको म्हणाली तरी काढावा.'

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आधी रडले, मग हसायला लागले, मग परत रडले. शेजारीण डोकावून गेली.

तू रागावलेला आहेस हे त्यात स्पष्ट दिसतं. तसाच राहा, मला चालेल. सही लागणार नव्हती हे माहीत असून तू केलीस.

आज शेवटची तारीख, म्हणून सकाळीच ऑफिसात गेले आणि कारकुनाला म्हटलं, मामाचा अर्ज काढा आणि हा घाला. त्याने कपाळाला हात लावला. मी टेबलाशीच उभं राहून दोन्ही रकाने भरले. सकाळी सात नंबर. दुपारी अकरा नंबर, संगमरवराचं कोरीवकाम. तिथे पोती नसतात, दगड असतात, तुझ्या माहितीसाठी.

कारकुनाने शेवटचा रकाना वाचला आणि म्हणाला, बाई, असलं काही लिहायचं नसतं, इथे नुसता फोन नंबर लागतो, या दोन ओळी खोडून द्या. मी म्हटलं, त्या राहतील. तो म्हणाला, तिकडचे लोक हसतील. मी म्हटलं, 'हसू देत. माझ्या मुलाने लिहिलंय, आणि त्याचं बरोबर आहे.'

तुझी
आई